शॉकअप, पुढचे (जुन्या मोटारसायकलचे)

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारी, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची जोडी. कारखान्याच्या पुस्तिकेत हिला टेलिस्कोपिक फोर्क म्हणतात. तेलाने धक्का जिरवणारी ही रचना विक्रीच्या गाडीवर प्रथम बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आणली. १९८५ मध्ये आलेल्या आरएक्स १०० आणि सीडी १००, तसेच १९९४ ची स्प्लेंडर या गाड्याही याच जातीच्या.

क्रोम चढवलेला पाइप खालच्या जाड नळीत, म्हणजे बॉटममध्ये, सरकतो. आत स्प्रिंग आणि तेल असते. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उसळू पाहते, पण तेलाला आतल्या दांड्याच्या बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, म्हणून ती आवरली जाते. तेल जुने होऊन पातळ झाले की ब्रेक दाबताच गाडी पुढून बसते आणि खड्ड्यानंतर हेलकावत राहते.

शॉकअपचा शत्रू चिखल, आणि भंडारा हा धानाचा जिल्हा. पाऊस वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर. रोवणीच्या दिवसांत बांधीकडे जाणाऱ्या पांदणीतला चिखल पाइपवर उडून वाळतो आणि पुढच्या धक्क्याला तेल अडवणाऱ्या ऑइल सीलच्या रबरी ओठाखाली ओढला जातो. क्रोम उडालेल्या जागी गंज धरतो, बारीक खड्डे पडतात. पाइपवरून नख फिरवावे. अडकले तर नवे सीलही तिथे फाटणार. सील बदलूनही तेल गळते तेव्हा सीलच्या नावाने बोटे मोडली जातात, दुखणे मात्र पाइपचे असते. गंजाची वर आलेली धार बारीक पॉलिश पेपरने उतरवता येते. खड्डा खोल असेल तर पाइप बदलावा किंवा त्यावर पुन्हा क्रोम करून घ्यावे. गळती अंगावर काढू नये. डिस्क ब्रेकच्या गाडीत ओघळलेले तेल पॅडवर गेले की ब्रेक धरत नाही.

खोलताना पुढचे चाक अधांतरी राहील अशी गाडी पक्की उभी करावी. वरच्या टोपणाखाली स्प्रिंग दबलेली असते, ते तोंडासमोर धरून उघडू नये. बॉटमच्या तळाचा ॲलन बोल्ट सोडताना आतला दांडा सोबत फिरतो. म्हणून स्प्रिंग आत असतानाच तो बोल्ट सैल करावा. काळे तेल जुने झालेले, दुधाळ तेलात पाणी शिरलेले. पाइप काचेवर लोळवला की वाक दिसतो. सील चढवताना पाइपच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी ओढून वर तेलाचा हात फिरवावा, म्हणजे ओठ कापला जात नाही. तेल पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचे, दोन्ही बाजूंच्या नळ्यांत मापाने सारखे भरावे. इंजिनचे उरलेले तेल ओतण्याची सवय वाईट.

पावसाळ्यात चिखल ओला असतानाच पाइप पाण्याने धुऊन फडक्याने पुसावा. वाळल्यावर घासला तर माती सीलकडेच सरकते. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे ढकलताना खटखट वाजली तर शॉकअप खोलण्याआधी हँडलचा कोन सेट तपासावा.