मानसोपचार नर्स प्रॅक्टिशनर

मानसोपचार नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे मानसिक विकारांचे मूल्यमापन, निदान व उपचार करण्याचे प्रगत शिक्षण घेतलेली आणि त्यासाठी कायद्याने परवाना मिळालेली परिचारिका किंवा परिचारक होय. हा व्यवसाय प्रामुख्याने अमेरिकेत विकसित झाला. मनोरुग्णालयातील परिचारिका सामान्यतः डॉक्टरांनी ठरविलेली उपचारयोजना अमलात आणते. नर्स प्रॅक्टिशनर मात्र स्वतः निदान करते, औषधे लिहून देते आणि संवादातून केले जाणारे उपचारही करते. रुग्णाशी जोडलेले उपचारात्मक नाते आणि औषधोपचाराचा अधिकार हे या व्यवसायाचे दोन आधार आहेत. त्यांचा उगम वेगवेगळ्या काळांतला असून त्यांचा मेळ घालणे हा या व्यवसायापुढील मुख्य प्रश्न मानला जातो.

इतिहास

अमेरिकेत मनोरुग्णांच्या परिचर्येचे पद्धतशीर शिक्षण १८८२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील मॅक्लीन रुग्णालयात सुरू झाले. तेव्हाच्या परिचर्येत देखरेख, स्वच्छता व आहार यांवर भर असे. १९१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील परिचर्या विद्यालयाने मनोरुग्ण परिचर्येचा समावेश सर्वसाधारण अभ्यासक्रमात केला. १९२० मध्ये हॅरिएट बेली यांचे या विषयावरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले.

या क्षेत्राला स्वतःची सैद्धांतिक बैठक हिल्डगार्ड पेप्लाउ (१९०९–१९९९) यांनी दिली. परिचर्येतील परस्परसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये लिहून पूर्ण झाला होता. परंतु डॉक्टर सहलेखक नसलेले परिचारिकेचे पुस्तक त्या काळी धाडसाचे वाटल्याने ते १९५२ मध्ये प्रकाशित झाले. पुढे रटगर्स विद्यापीठात पेप्लाउ यांनी मानसोपचार परिचर्येतील विशेषज्ञ घडविणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला.

त्याच दशकात क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे वापरात आली. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. त्यानंतर ही संख्या झपाट्याने घटत गेली. १९६३ च्या सामुदायिक मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णालयाबाहेरील उपचारकेंद्रांना चालना दिली. रुग्ण घरी राहू लागले, तशी त्यांच्या औषधांकडे नियमितपणे लक्ष देणाऱ्यांची गरज वाढली.

नर्स प्रॅक्टिशनर ही संकल्पना मात्र बालआरोग्याच्या क्षेत्रातून आली. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका लॉरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. कालांतराने ही भूमिका मानसोपचारातही रुजली. २००८ मध्ये ठरलेल्या राष्ट्रीय प्रारूपात मानसिक आरोग्य हे प्रगत परिचर्येच्या सहा क्षेत्रांपैकी एक मानले गेले.

शिक्षण व परवाना

उमेदवार प्रथम नोंदणीकृत परिचारिका असावी लागते. त्यानंतर पदव्युत्तर किंवा डॉक्टरेट पातळीचे शिक्षण घ्यावे लागते. प्रगत रोगशरीरक्रियाशास्त्र, प्रगत आरोग्यतपासणी आणि प्रगत औषधशास्त्र हे तीन विषय स्वतंत्रपणे शिकणे आवश्यक असते. त्यांना पर्यवेक्षणाखालील प्रत्यक्ष रुग्णसेवेची जोड असते. शेवटी राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा द्यावी लागते. मिळालेले प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावे लागते. बालकांपासून वृद्धांपर्यंत सर्व वयोगटांतील रुग्ण या प्रमाणपत्राच्या कक्षेत येतात.

कार्यपद्धती

उपचारात्मक नाते: पेप्लाउ यांनी परिचारिका व रुग्ण यांच्या नात्याचे चार टप्पे मांडले. पहिल्यात दोघांचा परिचय होऊन अडचण स्पष्ट होते. दुसऱ्यात आपल्याला मदत करू शकणारी व्यक्ती रुग्ण ओळखतो. तिसऱ्यात तो त्या मदतीचा पुरेपूर उपयोग करून घेतो आणि चौथ्यात नाते नियोजनपूर्वक संपते. हे नाते मैत्रीहून वेगळे असते. त्यात रुग्णाच्या गरजा केंद्रस्थानी असतात आणि मर्यादा आधीच स्पष्ट केलेल्या असतात. पेप्लाउ यांनी चिंतेच्याही सौम्य, मध्यम, तीव्र व भयग्रस्त अशा पातळ्या सांगितल्या. तीव्र चिंतेत माणसाची आकलनशक्ती आकुंचित होते. अशा वेळी स्पष्टीकरणे देण्याऐवजी छोट्या, सोप्या वाक्यांत बोलणे उपयोगी ठरते.

मूल्यमापन: मानसिक स्थितीच्या तपासणीत रुग्णाचे दिसणे, वागणे, बोलणे, भावस्थिती, विचार, संवेदन, स्मृती, निर्णयक्षमता आणि स्वतःच्या आजाराची जाण यांची नोंद घेतली जाते. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारले जाते. असे विचारल्याने तो विचार रुग्णाच्या मनात रुजतो, हा समज निराधार आहे. शारीरिक कारणे वगळणेही तितकेच महत्त्वाचे असते. थायरॉइडचे कार्य मंदावल्यास नैराश्यासारखी लक्षणे दिसू शकतात, तर वृद्धांमध्ये एखाद्या जंतुसंसर्गामुळे अचानक भ्रमावस्था उद्भवू शकते.

औषधोपचार: औषध लिहून देण्याइतकीच पुढील देखरेख महत्त्वाची असते. द्विध्रुवी विकारासाठी दिल्या जाणाऱ्या लिथियमची उपयुक्त व विषारी मात्रा यांत फार थोडे अंतर असते. म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण तसेच मूत्रपिंड व थायरॉइड यांचे कार्य वेळोवेळी तपासले जाते. शरीरातील पाणी कमी झाल्यास किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेतल्यास हे प्रमाण वाढू शकते. क्लोझापिनमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. अनेक नव्या मनोविकारविरोधी औषधांमुळे वजन व रक्तशर्करा वाढते. नैराश्यविरोधी औषधांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, याची पूर्वकल्पना न दिल्यास अनेक रुग्ण ती मध्येच सोडतात. आवाज ऐकू येतात हे सांगण्यास बिचकणारा किंवा गोळ्या बंद केल्याचे लपविणारा रुग्ण विश्वास बसल्यावरच बोलतो. त्यामुळे अचूक औषधयोजनाही नात्यावरच अवलंबून राहते.

कायदा व नीती: रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक असले, तरी त्याला मर्यादा आहेत. टॅरासॉफ खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये, रुग्णाकडून एखाद्या व्यक्तीला गंभीर धोका असल्यास तिच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलणे हे उपचारकाचे कर्तव्य ठरविले. इच्छेविरुद्ध दाखल करणे, बांधून ठेवणे किंवा एकांतात ठेवणे हे कमीत कमी निर्बंधाच्या तत्त्वानुसार अखेरचे उपाय मानले जातात.

अधिकारक्षेत्र व मतभेद

व्यवसायाचा परवाना राज्य देत असल्याने अधिकारांची व्याप्ती राज्यागणिक बदलते. ओरेगनसारख्या राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे काम करू शकते, तर टेक्सासमध्ये औषधे लिहून देण्यासाठी डॉक्टरांशी लेखी करार असावा लागतो. ग्रामीण भागांत मानसोपचारतज्ज्ञ फार कमी असल्याने अधिकार वाढवावेत, असे समर्थक म्हणतात. त्यांचा प्रशिक्षणकाळ डॉक्टरांच्या तुलनेत बराच कमी आहे, याकडे वैद्यकीय संघटना लक्ष वेधतात.

व्यवसायाच्या आतही एक चिंता व्यक्त होते. मोजक्या मिनिटांच्या भेटीत केवळ गोळ्यांची मात्रा बदलण्याचे काम उरल्यास, ज्या नात्यामुळे ही परिचर्या वेगळी ठरली तेच मागे पडते. म्हणून प्रशिक्षणात औषधशास्त्राबरोबर संवादोपचारांचे शिक्षणही आवश्यक ठेवले आहे.

भारतातील स्थिती

भारतात मानसिक आरोग्य परिचर्येत एम.एस्सी. व मूलभूत शिक्षणानंतरची पदविका असे अभ्यासक्रम आहेत. बंगळूरची निम्हान्स ही या शिक्षणाची प्रमुख संस्था आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ या संज्ञेची व्याख्या केलेली आहे. मात्र मानसोपचारात स्वतंत्रपणे निदान करून औषधे लिहून देण्याचा अधिकार तिला दिलेला नाही. भारतीय परिचर्या परिषदेने नर्स प्रॅक्टिशनरचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम अतिदक्षता विभागासाठी आखला आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा (पुणे), नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत दाखल रुग्णांच्या दैनंदिन देखभालीत परिचारिकांचा वाटा मोठा असतो.