बाटलीवरचे ४० आणि १००: इन्सुलिनच्या ताकदीची गोष्ट

गणपतीला मुंबईहून रत्नागिरीत घरी आलेला एक तरुण दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आला. कमरेला इन्सुलिन पंप, साखर चारशेच्या वर, उलट्या सुरू. पंप नीट चालू होता, डोसही नेहमीचाच. प्रवासात त्याची बाटली फुटली होती, म्हणून इथल्या मेडिकलमधून नुसते "इन्सुलिन द्या" म्हणून आणलेली बाटली त्याने पंपात भरली होती. बाटली बघितली. तिच्यावर होते, ४० युनिट प्रति मिली. पंप मात्र १०० युनिटसाठी बनवलेला. म्हणजे पंप १ युनिट दिले असे समजत होता, शरीराला मिळत होते ०.४ युनिट!

हा ४० आणि १००चा घोळ आला कुठून?

११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. तेव्हाचे इन्सुलिन अशुद्ध आणि पातळ होते, त्यामुळे बरेच औषध टोचावे लागे. शुद्धीकरण सुधारले तशी ४० आणि ८० युनिटची इन्सुलिने आली. पण बाटली एक आणि सिरिंज दुसरी, अशा चुका होऊ लागल्या. म्हणून अमेरिकेने १९७०च्या दशकात आणि ब्रिटनने १९८३ पासून १०० युनिटची वाट धरली. आपल्याकडे पेनमध्ये १०० आले, पण बाटलीत ४० टिकून राहिले.

याच काळात पंपही घडत होता. १९६०च्या दशकात अमेरिकेतील डॉ. कॅडिश यांचा पंप पाठीवरच्या पिशवीएवढा होता. १९७८ मध्ये लंडनच्या पिकअप आणि कीन यांनी त्वचेखाली सतत इन्सुलिन देणाऱ्या छोट्या पंपाचे अनुभव प्रसिद्ध केले.

आता शोषणाचे बघू. साध्या इन्सुलिनचे रेणू सहा-सहाच्या जुड्या करून राहतात. जुडी सुटल्याशिवाय इन्सुलिन रक्तात सहज शिरत नाही. इन्सुलिन पातळ असेल तर जुड्या लवकर सुटतात, घट्ट असेल तर उशिरा. म्हणून तेवढेच युनिट दिले तर ४०चे साधे इन्सुलिन १००पेक्षा किंचित लवकर शोषले जाते. ३०० युनिटचे ग्लार्जिनही सावकाश झिरपते. १९९६ मध्ये आलेल्या लिस्प्रोची रचना मात्र अशी बदलली आहे की जुड्या झटपट सुटतात. पंपात अशीच जलद इन्सुलिने, १०० युनिटची, वापरतात.

"४०चे लवकर शोषले जाते, मग पंपात का नको?" असे तुम्ही विचाराल. कारण शोषणातला फरक थोडा आहे, मोजणीतला अडीच पट.

सिरिंजचेही तसेच. लाल टोपणाची ४०साठी, केशरी टोपणाची १००साठी. १००चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात जातात ५० युनिट. साखर धोकादायक खाली येते. उलट केले तर फक्त ८ युनिट जातात.

म्हणून दुकानातच बाटलीवरचा आकडा वाचा. पंप असेल तर जास्तीची बाटली आणि पेन जवळ ठेवा. आकडा जुळत नसेल तर स्वतः हिशेब न करता डॉक्टरांना फोन करा.

तो तरुण सलाईन, इन्सुलिन आणि एका रात्रीच्या मुक्कामानंतर सावरला. विसर्जनाला मात्र त्याला जाता आले नाही.