अज्ञात कोनाचा इतिहास

शालेय भूमितीच्या स्वाध्यायांत एक प्रकार हटकून आढळतो: आकृतीतील दोन-तीन कोनांची मापे अंशांत दिलेली असतात, एक कोन ‘क्ष’ म्हणून मोकळा सोडलेला असतो आणि त्याचे माप काढावयाचे असते. हा प्रकार युक्लिडइतकाच जुना असावा असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु इ. स. पू. 300 च्या सुमारास रचलेल्या त्याच्या तेरा भागांच्या ग्रंथात अंश हे एकक कोठेही येत नाही. युक्लिडपाशी कोन मोजण्याचे एकच माप होते, ते म्हणजे काटकोन. त्यामुळे त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज त्याच्या लेखी 180 अंश नव्हे, तर ‘दोन काटकोनांइतकी’ असते. चौथ्या भागाच्या दहाव्या रचनेत तो असा समद्विभुज त्रिकोण काढून दाखवतो की ज्याच्या पायालगतचा प्रत्येक कोन शिरकोनाच्या दुप्पट असेल. आजचा विद्यार्थी शिरकोन क्ष मानून पाच क्ष बरोबर 180 असे समीकरण मांडेल आणि 36 हे उत्तर लिहून मोकळा होईल. युक्लिडने मात्र हा त्रिकोण प्रत्यक्ष रचला, सिद्ध केला, त्याच्या आधारे पुढच्याच रचनेत वर्तुळात सुसम पंचकोन बसवला आणि 36 हा आकडा एकदाही उच्चारला नाही.

अंश आले ते आकाशातून. साठाच्या पटीत मोजणाऱ्या बॅबिलोनी ज्योतिषांनी राशिचक्राचे 360 भाग केले, इ. स. पू. दुसऱ्या शतकात हिप्सिक्लीझच्या लेखनातून ही विभागणी ग्रीक ज्योतिषात दिसू लागली आणि टॉलेमीने ती कायम केली. पण तेथेही अंश हे मुख्यतः वर्तुळाच्या कंसाचे माप होते. भारतात याहून फार वेगळे घडले नाही. भास्कराचार्यांच्या 1150 मधील ‘लीलावती’त भुज, कोटी, कर्ण आणि क्षेत्रफळ यांची गणिते विपुल आहेत, आणि ज्योतिषगणितात अंश, कला, विकला ही मापेही आहेत, परंतु ती कंसाची आणि त्यावरील ज्येची, दोन रेषांमधील कोन ही स्वतंत्र राशी मानून तिचे माप शोधावे, अशी उदाहरणे त्या परंपरेत जवळजवळ नाहीत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या आश्रयास असलेल्या सम्राट जगन्नाथाने नसीरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून युक्लिड संस्कृतात आणला आणि त्याला ‘रेखागणित’ हे नाव दिले. हा ग्रंथ मुंबईत 1901-02 मध्ये छापून निघाला, तोवर मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्या इंग्रजी वाटेने आलेला युक्लिड घोकून बसल्या होत्या. तेव्हा संस्कृत युक्लिडचा शाळांवर काही परिणाम झाला असे म्हणता येत नाही.

त्या काळची शालेय भूमिती इंग्लंडात काय किंवा मुंबई इलाख्यात काय, प्रमेये क्रमांकासह पाठ म्हणण्याची होती. त्यांच्या आधारे स्वतः सिद्ध करावयाच्या उपप्रश्नांस ‘रायडर’ म्हणत, आणि रायडरमध्येही आकडा नसे. अमुक कोन तमुक कोनाच्या निम्मा आहे, एवढेच सिद्ध करावयाचे असे. या पाठांतराविरुद्ध इंग्लंडातील शिक्षकांनी 1871 मध्ये भूमितीच्या अध्यापनात सुधारणा करण्यासाठी एक संस्था काढली, जी 1897 पासून ‘मॅथेमॅटिकल असोसिएशन’ म्हणून ओळखली जाते. 1901 मध्ये ग्लासगो येथे जॉन पेरी यांनी व्यवहारोपयोगी गणिताची बाजू जोराने मांडली, 1903 मध्ये केंब्रिज विद्यापीठाने युक्लिडच्याच क्रमाने सिद्धता देण्याची सक्ती उठवली, आणि त्याच वर्षी निघालेल्या गॉडफ्रे व सिडन्स यांच्या पुस्तकासारख्या नव्या पुस्तकांतून कोनमापक, मोजपट्टी आणि अंशांतील उदाहरणे वर्गात आली. कोनमापक हाती आला खरा, पण पुढे आकृतीखाली ‘आकृती प्रमाणात नाही’ अशी सूचना छापून परीक्षकांनी तो पुन्हा कंपासपेटीत ठेवायला लावला, हा या सुधारणेतील गमतीचा भाग होय. आज परिचित असलेले अज्ञात कोनाचे उदाहरण हे अशा रीतीने बॅबिलोनी आकडा आणि ग्रीक तर्क यांचे मिश्रण असून, शालेय प्रकार म्हणून त्याचे वय सव्वाशे वर्षांच्या आसपास भरते.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 1922 मध्ये ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’मध्ये एडवर्ड मान लँग्ली यांनी दिले, बेडफर्ड येथे शिक्षक असलेले लँग्ली 1894 मध्ये सुरू झालेल्या या नियतकालिकाचे पहिले संपादक होते. अबक या समद्विभुज त्रिकोणात ब आणि क हे कोन प्रत्येकी 80 अंशांचे आहेत. अब वर फ हा बिंदू असा की अकफ हा कोन 30 अंश, आणि अक वर इ हा बिंदू असा की अबइ हा कोन 20 अंश. तर बइफ हा कोन 30 अंशांचा आहे असे सिद्ध करावयाचे. उत्तर मुळातच दिलेले होते. ते झाकून ‘क्ष काढा’ असे रूप त्याला नंतर मिळाले. नेहमीच्या पद्धतीने बेरजा करीत गेल्यास बइफ व इफक या दोन कोनांची बेरीज 110 अंश आहे एवढे कळते, आणि वरच्या छोट्या त्रिकोणातून दुसरे समीकरण मिळवू पाहिल्यास तेच 110 पुन्हा हाती येते. पहिल्या तासाभरात बहुतेकांची गाडी येथेच अडते, कारण कोनांच्या बेरजांत लांबीविषयीची माहिती उतरतच नाही.

1923 मध्ये मर्सर यांनी दिलेली उकल एका जादा रेषेवर उभी आहे. अक वर ग हा बिंदू असा घ्यावा की कबग हा कोन 20 अंश होईल. मग बगक हा कोन 80 अंशांचा ठरतो, म्हणून बग आणि बक समान; त्रिकोण बकफ मध्ये क व फ हे कोन 50-50 अंशांचे, म्हणून बफ आणि बक समान; आणि फबग हा कोन 60 अंश असल्याने फबग हा त्रिकोण समभुज निघतो. त्रिकोण बगइ मध्ये ब व इ हे कोन 40-40 अंशांचे, म्हणून गइ हीसुद्धा त्याच लांबीची. आता गफ व गइ समान आणि त्यांच्यातील कोन 40 अंश, म्हणून गइफ 70 अंश; त्यातून 40 वजा जाता 30 उरतात. या उकलीत अंश केवळ बाजूंची समानता हुडकण्यापुरते वापरले आहेत आणि खरे काम युक्लिडच्या समद्विभुज त्रिकोणाने केले आहे.

हे उत्तर पूर्णांकात का यावे, याचा उलगडा सुसम अठरा बाजूंच्या बहुभुजाकृतीत होतो, कारण तिच्या कोणत्याही बाजूने परिघावर केलेला कोन 10 अंशांचा असतो आणि लँग्लींची आकृती तिच्या कर्णांतच दडलेली आहे. त्या कर्णांचे आतले छेदनबिंदू, कोणतेही तीन कर्ण एका बिंदूतून जात नसते तर, 3060 भरले असते. प्रत्यक्षात ते 1837 च आहेत. 1936 मध्ये गेरिट बोल यांनी हात घातलेला हा मोजणीचा प्रश्न बियोर्न पूनेन आणि मायकेल रुबिन्स्टाइन यांनी 1998 मध्ये सर्व सुसम बहुभुजाकृतींसाठी पूर्ण सोडवला. अनेक कर्ण एकाच बिंदूत मिळण्याचे असे योग जेथे येतात, तेथेच लँग्लींच्या धर्तीची उदाहरणे जमतात. आकृतीतील चार कोन मनास येतील ते पूर्णांक घेऊन पाचवाही पूर्णांकात येईल अशी अपेक्षा प्रश्न काढणाऱ्याने केली, तर बहुतेक वेळा दशांश चिन्हापुढे न संपणारे आकडेच त्याच्या पदरी पडतात.