काळवत्री दगड आणि विझलेली आग

आज आपण दगडांबद्दल बोलणार आहोत. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा हा विषय कुठून काढला, असं काहींना वाटेल. पण आपला प्रश्न जुनाच आहे: जी गोष्ट कुणीच पाहिली नाही, ती घडली असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? या प्रश्नावर युरोपात जवळजवळ पन्नास वर्षं भांडण चाललं, आणि ते एका दगडावरून चाललं. तो दगड आपल्या घरातला आहे. आजीचा पाटा-वरवंटा, जातं, वाड्याचं जोतं, सह्याद्रीचे कडे, वेरूळचं कैलास लेणं, हे सगळं त्याच दगडाचं. आपण त्याला काळा पाषाण किंवा काळवत्री म्हणतो, पुस्तकात त्याचं नाव बेसाल्ट.

शाळेत आपण पाठ केलं होतं: खडकांचे तीन प्रकार. शिलारस थंड होऊन झालेले अग्निजन्य, गाळ साचून झालेले स्तरित, आणि उष्णता व दाब यांनी बदललेले रूपांतरित. बेसाल्ट पहिल्या गटात. परीक्षेत एक गुण मिळाला आणि विषय संपला. पण दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. पाहायला कोण होतं? मग हा एक गुण मिळवायला माणसाला किती खटपट करावी लागली, ते पाहू.

अठराव्या शतकाच्या शेवटी या विषयातलं सगळ्यांत मोठं नाव होतं अब्राहम वेर्नर. जर्मनीत सॅक्सनी प्रांतात फ्रायबेर्ग इथे खाणविद्येची अकादमी होती, तिथे ते १७७५ पासून शिकवत. लिहीत फार कमी, पण शिकवण्याची हातोटी अशी की युरोपभरातून विद्यार्थी येत. त्यांचं म्हणणं असं: एके काळी सगळी पृथ्वी समुद्राखाली होती, त्या पाण्यातून एकामागून एक खडक खाली बसत गेले. आधी ग्रॅनाइट, मग बाकीचे. बेसाल्टही पाण्यातूनच आला. ज्वालामुखी त्यांना मान्य होते, पण ते अलीकडचे, जमिनीखालचा कोळसा पेटून झालेले, किरकोळ.

आज हे ऐकून हसू येतं. पण त्यांचे पुरावे नीट ऐका. एक, बेसाल्ट थरांत आढळतो, आणि थर पाण्यात साचतात हे तर दिसतंच. दोन, सॅक्सनीतल्या शायबेनबेर्ग टेकडीवर बेसाल्ट वाळू आणि चिकणमातीच्या थरांवर बसलेला आहे, आणि खालून वर जाताना एकातून दुसरा झाल्यासारखा त्यांना दिसला. तीन, जवळपास ज्वालामुखीचं तोंड दिसत नाही. आणि चौथा पुरावा सगळ्यांत भारी: दगड भट्टीत वितळवून थंड केला तर त्याची काच होते. बेसाल्ट तर काच नाही, त्यात बारीक स्फटिक आहेत. मिठाचे स्फटिक पाण्यातून तयार होतात हे कुणीही पाहू शकतं. मग आगीतून आलेला दगड काचेसारखा का नाही?

वेर्नर हे सगळं शिकवू लागण्याआधीच, १७६३ मध्ये, निकोला डेमारे नावाचा फ्रेंच अधिकारी मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न भागात फिरत होता. तिथे विझलेल्या ज्वालामुखींचे शंकू उभे आहेत. त्यानं षट्कोनी खांबांचा बेसाल्ट पाहिला. तसे खांब आपल्याकडे मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहेत. डेमारेनं त्या खांबांचा माग काढत काढत नकाशा केला, तेव्हा तो बेसाल्ट लाव्ह्याच्या प्रवाहाचाच भाग निघाला. १७७४ मध्ये त्याचा प्रबंध छापला गेला.

इथे आम्हाला आपल्या न्यायदर्शनाची आठवण होते. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमानाचं घरगुती उदाहरण. इथे अडचण अशी की आग विझलेली आणि धूरही नाही. मग दुसरं उदाहरण कामी येतं: नदीला गढूळ पूर आला, म्हणजे वर कुठेतरी पाऊस झाला. हे कार्यावरून कारणाकडे जाणं. यावर आक्षेप घेणारा विचारतो, नदी तर पुढे कुठे अडली तरी फुगते, मग तुमचं अनुमान कसं टिकणार? न्यायाचं उत्तर असं की नुसतं वाढलेलं पाणी ही खूण पुरेशी नाही. फेस, वेग, वाहून आलेली पानं-लाकडं, अशी विशेष खूण हवी. वेर्नरची चूक नेमकी इथे होती. ‘थर’ ही खूण गाळाची आहे, पण ती पसरलेल्या लाव्ह्याचीही आहे. डेमारेकडे विशेष खूण होती, कारण त्यानं प्रवाहाचा उगमापर्यंत माग काढला होता.

आता स्कॉटलंडकडे जाऊ. जेम्स हटन, शिक्षण वैद्यकाचं, पण बरीच वर्षं शेती केली. शेतकऱ्याला एक गोष्ट रोज दिसते: पावसाबरोबर माती ओहोळात, ओहोळातून नदीत, नदीतून समुद्रात जाते. असंच चालू राहिलं तर जमीन संपेल. ती संपलेली नाही, म्हणजे नवी जमीन कुठेतरी तयार होत असली पाहिजे. समुद्रतळाशी गाळ साचतो, त्याचा खडक होतो, पृथ्वीच्या पोटातली उष्णता तो वर उचलते, आणि पुन्हा झीज सुरू. १७८५ मध्ये त्यांनी एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे हे मांडलं. त्याच वर्षी ग्लेन टिल्टच्या खोऱ्यात त्यांना ग्रॅनाइटच्या शिरा दुसऱ्या खडकात घुसलेल्या दिसल्या. जो घुसतो तो नंतरचा आणि वितळलेला असला पाहिजे. म्हणजे ग्रॅनाइट सगळ्यांत आधीचा नव्हे.

१७८८ मध्ये हटन, गणिताचे प्राध्यापक जॉन प्लेफेअर आणि तरुण जेम्स हॉल होडीतून सिकार पॉइंट या किनाऱ्यावर गेले. तिथे खाली करड्या खडकाचे थर उभे आहेत, पुस्तकं कपाटात उभी ठेवावीत तसे, आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांवर तांबड्या वालुकाश्माचे थर जवळजवळ आडवे पसरलेले आहेत. आता हिशेब करा. खालचा गाळ आधी आडवा साचला, कठीण झाला, वळून उभा राहिला, समुद्राबाहेर आला, झिजला. मग त्यावर नवी वाळू साचली, तिचाही दगड झाला, तोही वर आला. हे सगळं एका नजरेत. दोन थरांमधल्या त्या रेषेत कोट्यवधी वर्षं आहेत, हे आज आपल्याला मोजता येतं. त्यांच्याकडे आकडा नव्हता, पण काळ अफाट आहे हे त्यांना कळलं.

तरी काचेचा आक्षेप उरलाच होता. त्याचं उत्तर हॉलनं दिलं. एका काचकारखान्यात वितळलेली काच चुकून फार हळू थंड झाली आणि तिची काच न राहता पांढुरका, दगडासारखा पदार्थ झाला, हे त्याला कळलं. मग त्यानं बेसाल्ट भट्टीत वितळवला. झटकन थंड केला तर काळी काच, सावकाश थंड केला तर स्फटिकांचा खडबडीत दगड. व्हेसुव्हियस आणि एटना यांच्या लाव्ह्याचंही तेच झालं. हटनना भट्टीतल्या अशा प्रयोगांवर भरवसा नव्हता. पृथ्वीच्या पोटातलं काम लहानशा मुशीत कसं दिसणार, असं त्यांना वाटे. म्हणून हॉल त्यांच्या हयातीत थांबला. १७९७ मध्ये हटन वारले, १७९८ मध्ये हॉलनं निष्कर्ष वाचले. पुढे त्यानं चुनखडीची भुकटी बंदुकीच्या नळीत घट्ट बंद करून तापवली. उघड्यावर तापवली असती तर तिच्यातला वायू निघून जाऊन चुना उरला असता. पण वायू कोंडला गेल्यामुळे संगमरवरासारखा दगड मिळाला. म्हणजे रूपांतरित खडकाचाही पुरावा हातात आला. असे पाचशेहून अधिक प्रयोग त्यानं केले.

वेर्नरना आग दिसली नाही असं नाही. त्यांच्या हिशेबात सावकाशपणा नव्हता. भट्टीतला एक तास म्हणजे पृथ्वीचा तास, असं त्यांनी नकळत धरलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वेर्नरचे आवडते शिष्य लिओपोल्ड फॉन बुख आणि दोब्युसाँ हे दोघेही बेसाल्ट पाण्याचाच मानणारे. १८०२ ते १८०४ या काळात दोघेही स्वतंत्रपणे ओव्हेर्नला गेले, पाहिलं, आणि मत बदललं. गुरूची भक्ती आड आली नाही. दुसऱ्या बाजूला, हटनही सगळीकडे बरोबर नव्हते. वाळूचा वालुकाश्म व्हायलाही वितळवणारी उष्णता लागते असं ते मानत. खरं तर बहुधा गाडल्या गेलेल्या गाळात पाणीच खनिजं आणून कण सांधतं. तिथे पाण्यानं आपला हक्क परत घेतला.

आता घरी या. दख्खनचा बेसाल्ट ओव्हेर्नसारख्या शंकूंतून नाही, बराचसा भेगांतून वर आला आणि सपाट पसरला. वेर्नर सह्याद्रीत आले असते तर त्यांना थरावर थर दिसले असते आणि ज्वालामुखीचं तोंड कुठेच नाही. पायऱ्यांसारख्या या डोंगरांमुळेच त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात, स्वीडिश भाषेत तो जिन्याचा शब्द आहे. पण विशेष खुणा इथेही आहेत. घाटरस्त्यावर दोन काळ्या थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो. अशा बऱ्याच पट्ट्यांत पहिला प्रवाह हवेत कुजून माती झालेला असतो आणि वरच्या प्रवाहानं ती भाजलेली असते. नागपूरजवळ टाकळी इथे एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याला लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात जीवाश्म मिळाले. म्हणजे दोन आगींच्या मध्ये तळी होती, त्यांत गोगलगायी होत्या, काठाला झाडं होती. तेवढी उसंत होती.

आणि दगड तिथेही थांबलेला नाही. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पाण्यानं झिओलाइटचे स्फटिक भरले, जळगाव-पुण्याचे ते स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. देशावर हाच काळवत्री कुजून मुरूम झाला, मुरमाची काळी माती झाली, तिच्यात कापूस पिकतो. कोकणातल्या पावसानं त्यातली सिलिका आणि विरघळणारे क्षार धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा जांभा झाला, आणि त्या जांभ्याच्या चिऱ्यांची घरं झाली. कृष्णा-गोदावरीतून जाणारा गाळ बंगालच्या उपसागरात साचतोय. त्याचा उद्या स्तरित खडक होईल, परवा कदाचित डोंगर.

तेव्हा ‘तीन प्रकार’ म्हणजे तीन जाती नव्हेत, ती एकाच प्रवासातली तीन मुक्कामाची ठिकाणं आहेत. आपण ज्याला अचल म्हणतो, पर्वताचं नावच अचल ठेवतो, तो आपल्या मानानं अचल आहे. त्याला पुरेसा वेळ दिला की तोही चालतो. हे ओळखायला डोळे लागतात, अनुमान लागतं, आणि आपलं आयुष्य हे मोजमापाचं माप नाही हे मान्य करावं लागतं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. वेर्नरसारख्या थोर शिक्षकालाही ते जमलं नाही, तेव्हा आपण थोडी नम्रता ठेवलेली बरी.

घाटातून जाताना एकदा गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि तो तांबडा पट्टा शोधा. आज इथे थांबू.