आजीच्या पोटात तुमची आई, आणि आईत तुम्ही

11 डिसेंबर 1967, पहाटेचे चार वाजून गेलेत. तारळी कृष्णेला मिळते तिथला गारवा उंब्रजच्या गल्लीत शिरलाय. तुम्ही एका कौलारू घराच्या माजघरात उभ्या आहात. वाकळ ओढून कुशीवर झोपलेली ही विशीतली बाई म्हणजे तुमची आजी. तिला पाचवा महिना सरत आलाय. पोटात तुमची आई आहे.

चार वाजून एकवीस मिनिटं. जमिनीखालून घरघर येते, कौलं खडखडतात, उतरंड कोसळते, गोठ्यातली बैलं दाव्याला हिसडे देतात. पश्चिमेला चाळीस किलोमीटरच्या आत कोयनानगर आहे. या भूकंपात तिकडच्या भागात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हे मागाहून कळेल. आत्ता सगळे अंगणात धावतात. आजीच्या छातीत धडधडतंय. तिच्या लेकीला मात्र ती घरघर ऐकूच आली नाही. कानाची घडण बरीच झालीय, पण आवाजाला दाद द्यायला अजून तीन-चार आठवडे लागतील. हिसकाही गर्भजलानं बराचसा झेलला.

"पोरी, पोटात हालतंय न्हवं?" सासू विचारते.

आजी बेंबीवर हात ठेवून थांबते. गर्भाशयाचा माथा आता तिथवर आलाय. सुईण बोटांनी चाचपून महिने सांगते ते यावरूनच. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी 1958 सालीच ध्वनिलहरींनी पोटातलं बाळ दाखवलं होतं, पण उंब्रजच्या बाईला या पहाटे स्वतःचा हात हेच काय ते यंत्र.

"व्हय आत्याबाई, हाललं."

आत चला. डोक्यापासून टाचेपर्यंत जेमतेम 25 सेंटिमीटर, वजन 300 ग्रॅमच्या आसपास. अंगावर मऊ लव, तिच्यावर पांढरा चिकट थर, म्हणजे सतत पाण्यात राहूनही कातडी शाबूत. बोटांचे ठसे उमटून झालेत. बाळ गर्भजल गिळतंय, मूत्रपिंडं ते पुन्हा बाहेर टाकतायत. हे सगळं आजीच्या ताटातल्या भाकरी-कोरड्यासावर उभं आहे, आणि ती घरात सगळ्यांत शेवटी जेवते. हा रिवाज मला फार सलतो. त्या एका ताटावर तीन पिढ्या जेवत होत्या.

तीन कशा, ते आता पाहा. या एवढ्याशा मुलीच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजपेशी आहेत. आयुष्यात पुन्हा कधीच इतक्या नसतील. एप्रिलच्या सुमारास ती जन्मेल तेव्हा दहा-वीस लाख उरतील, वयात येताना तीन-चार लाख. बऱ्याच पेशींनी विभाजन सुरू करून मध्येच थांबवलंय. त्यांतली एक तशीच अर्ध्यावर पंचवीसेक वर्षं टिकून राहील. ती तुम्ही.