राखणीची बंदूक

गेल्या माघात इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा पाटीवर डोके टेकून गाढ झोपला होता. उठवल्यावर तो म्हणाला, "रात्री जागलीला होतो, गुरुजी." आमच्या परभणीकडे या उत्तरावर मास्तराला रागावता येत नाही. हरभरा फुलावर आणि ज्वारी हुरड्यात आली, की घरातल्या एका माणसाने रात्री शेतात काढायची ही आमची जुनी रीत आहे. घरात माणूस कमी असला तर ती पाळी पोरावर येते. तास संपल्यावर तो मुलगा माझ्यामागे आला आणि त्याने विचारले, "गुरुजी, ससे आणि डुकरे हाकलायला एखादी लहान रायफल घ्यायची झाली, तर पहिली कोणती घ्यावी? बाबा विचारत होते."

मी बंदुकीतला जाणकार नाही. पण प्रश्न मनात राहिला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी इतिहासातच जाऊन पोहोचलो. आमच्या शेतकऱ्याने हे हत्यार कधी निवडलेच नव्हते. ते नेहमी दुसऱ्या कोणीतरी त्याच्यासाठी निवडले, किंवा नाकारले.

त्या मुलाच्या मनात होती ती 'पॉइंट टू टू' रायफल. तिचे घराणे पाश्चात्त्य आहे. १८४५ च्या सुमारास फ्लोबेर नावाच्या फ्रेंच कारागिराने दिवाणखान्यात नेम धरण्यासाठी अगदी लहान काडतूस तयार केले. पुढे अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी त्याच बेताचे काडतूस बाजारात आणले ते १८५७ साली. ज्या वर्षी आपल्याकडे काडतुसावरून मीरतेत आग पेटली, त्याच वर्षी हे सशाचे काडतूस जन्माला आले, हा योगायोग इतिहासाच्या मास्तराला सोडवत नाही. आज सर्वत्र चालते ते 'लाँग रायफल' जातीचे काडतूस १८८७ चे. त्याची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची असते, आवाज थोडा, धक्का नावापुरता आणि किंमत कमी. इंग्लंडात तर कावळ्याच्या जातीचे 'रूक' पक्षी आणि ससे यांच्यासाठी म्हणून खास हलक्या रायफली बनत. ऑस्ट्रेलियात १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेने इंग्लंडचे मूठभर ससे सोडले, आणि त्यांच्या संततीने पुढे कुरणेच्या कुरणे बोडकी केली. तेथे शेतकऱ्याच्या घरी अशी रायफल असणे कोयता असण्याइतके साधे झाले.

पण तो ससा निराळा आणि आपला निराळा. तो बिळात राहतो, कळपाने वाढतो. आपला ससा बीळ खणत नाही. गवतात अंगापुरती जागा दाबून तो एकटा बसतो, आणि त्याची पिले अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्माला येतात. तो हरभऱ्याचे कोवळे शेंडे खातो, हे खरे. पण सशाने शेत उजाड केले असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. उजाड करतात ती रानडुकरे, रोही आणि हरणांचे कळप.

त्यांच्यासाठी बंदूक मागणारा शेतकरी आपल्याकडे फार जुना आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी गावोगावची शस्त्रे गोळा केली आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनाला सूट असे. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८८३ मध्ये, महात्मा जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी जे मांडले त्याचा आशय असा, की रात्री येऊन पिके फस्त करणाऱ्या रानडुकरांपासून शेते राखण्यापुरत्या गावठी बंदुका शेतकऱ्याजवळ राहू द्याव्यात. सरकारला आपल्या जिवाची भीती वाटत असेल, तर राखणीचे काम पोलिसांवर सोपवावे. आणि तरीही नुकसान झाले, तर ते पोलिसांच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून भरून द्यावे. बंदूक द्या, नाहीतर भरपाई द्या, असा तो रोकडा हिशेब होता.

पुढे काँग्रेसने १८८७ पासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. १९३१ च्या कराचीच्या ठरावात तर नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला होता. पण डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथांनी तो हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला, आणि ती नामंजूर झाली. सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारालाही द्यावा लागेल, हा त्यांचा मुद्दा होता.

त्या वेळी आमचा जिल्हा नुकताच मोकळा झाला होता. परभणी निजामाच्या राज्यात होती. १३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा हैदराबादेत शिरल्या आणि पाच दिवसांत निजामी संपली. त्याआधीच्या वर्षात बंदूक या शब्दाचा अर्थ आमच्याकडे पीक राखणे असा उरलाच नव्हता. ती रझाकाराच्या खांद्यावर दिसे, आणि शेतकरी माळ्यावर गोफण घेऊन बसे. त्या पिढीची माणसे हत्याराविषयी कमी बोलत, त्याचे कारण मला पुष्कळ उशिरा कळले.

स्वतंत्र भारताचा शस्त्रकायदा १९५९ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याचे तेरावे कलम आमच्या मुलाच्या प्रश्नाला नेमके उत्तर देते. खऱ्याखुऱ्या शेतराखणीसाठी मिळायची ती ठासणीची बंदूक. तेवढ्याने भागत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी. आणि 'पॉइंट टू टू' रायफल? तिचा उल्लेख तेथेच, पुढच्या ओळीत आहे. पण ती मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाला निशाणीवर नेम धरण्यासाठी. म्हणजे परदेशात जी सशाची रायफल, ती आपल्या कायद्यात खेळाची झाली, आणि शेतकऱ्याच्या वाट्याला आजोबांच्या काळची ठासणी आली.

ती ठासणी मी पाहिली आहे. आमच्या आजोबांकडे परवान्याची होती. नळीत दारू ओतायची, चिंधी ठासायची, छर्रे टाकायचे, पुन्हा गजाने ठासायचे, मग टोपी बसवून घोडा ओढायचा. एवढे होईपर्यंत डुक्कर शेजारच्या गावच्या शिवेत पोचलेले असे. पावसाळ्यात दारू सर्दावे, आणि निवडणूक लागली की बंदूक चौकीवर जमा करावी लागे. लहानपणी मला हा थट्टेचा विषय वाटे. आजोबा मात्र पुष्कळदा छर्रे घालतच नसत. "आपल्याला मारायचं नाही, कळवायचं आहे," असे ते म्हणत. नुसता बार काढायचा, की चार शेते जागी होत, आणि माळ्यामाळ्यावरून हाकाऱ्या उठत.

कायदा करणाऱ्याच्या मनात भीती होती, हे मला मान्य आहे. तरीही या एका बाबतीत त्याची निवड चुकली असे आता मला वाटत नाही. रायफलीच्या नळीत पिळाचे आटे असतात. गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. ती अडीच ग्रॅमची गोळी चुकली, तर मैलभरही जाऊ शकते. बारीक छर्रे दोन-तीनशे मीटरांत खाली येतात. ज्या देशात टेकड्या आहेत, तेथे चुकलेली गोळी मातीत रुतते. आमच्या गोदाकाठची काळी जमीन पाटासारखी सपाट, आणि त्या मैलभरात पहाटे कापूस वेचायला निघालेल्या बाया, पाणी द्यायला गेलेला गडी आणि माळ्यावर पेंगणारे कोणाचे तरी पोर असते.

त्यानंतर वन्यप्राण्यांचा १९७२ चा कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे दार बंद झाले. ससाही संरक्षणाखाली गेला. त्याला मारणे हा गुन्हा आहे. रानडुक्कर आणि रोही यांनी पिकाची नासाडी केली, तर वनखात्याच्या परवानगीची वाट असते. परवानगी कागदावर येईपर्यंत हुरडा उरत नाही, असे शेतकरी म्हणतात. पिकाची भरपाई मात्र आता वनखाते देते. जोतीरावांच्या दोन मागण्यांपैकी दुसरी सरकारने अशी शंभर वर्षांनी मान्य केली. पण ती अर्ज, पंचनामा आणि हेलपाटे यांच्यासह.

आणि ती लहान रायफल? १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याच्या हातात होते ते याच जातीचे काडतूस. तो एका शिक्षकाचा मुलगा. शाळेत आम्ही ती बातमी वाचून दाखवली, तेव्हा टाळ्यांत हा जागलीवाला मुलगाही होता.

मी त्याला जे उत्तर दिले, ते असे. "बाबांना सांग, ससा आपला शत्रू नाही, आणि त्याच्यासाठी रायफल कोणी देणारही नाही. डुकरांसाठी अर्ज करा, शेजारच्या चार शेतांनी मिळून जागल वाटून घ्या. आणि कुंपणात चोरून वीज सोडू नका. ती गोळीपेक्षा वाईट, कारण तिला नेमसुद्धा धरावा लागत नाही. रायफल आवडत असेल तर तू क्लबात जा, कागदाच्या निशाणीवर नेम धर."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण गुरुजी, क्लब कुठं आहे? आणि आज रात्री कोण जाईल?"

पहिल्या प्रश्नावर मी चौकशी करतो म्हणालो. दुसऱ्याचे उत्तर जोतीरावांच्या वेळेपासून कोणी दिलेले नाही. त्या रात्री तोच गेला. दुसऱ्या दिवशी मी इतिहासाचा तास पहिल्याऐवजी शेवटचा ठेवला आणि सकाळी त्याला झोपू दिले.