बैलाची अक्कल आणि यंत्राची बुद्धि

दळणवळणाचा इतिहास लिहितांना रस्ते, चाकें आणि इंधन यांचा हिशेब बहुधा सर्व लेखक देतात; परंतु वाट ओळखण्याची अक्कल कोणत्या काळीं कोणापाशीं होती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. आतां मालमोटारींत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश होऊं लागल्यामुळें तो विचारणें अवश्य झालें आहे. पुणें-हैदराबाद आणि धुळें-विजापूर हे दोन महामार्ग जेथें मिळतात, त्या सोलापूरच्या वाहतुकीचें पूर्ववृत्त या कामीं उपयोगी पडेल.

आगगाडीपूर्वीं दख्खनच्या पठारावरील धान्य आणि मीठ लमाणांच्या तांड्यांनीं वाहिलें. १८०३ सालीं जनरल वेलस्ली शिंदे-भोसल्यांवर चालून गेला, तेव्हां त्याच्या फौजेच्या दाण्यागोट्याची भिस्त बरीचशी अशा तांड्यांवर होती. पुढें सडका झाल्यावर लादणीच्या बैलांची जागा बैलगाड्यांनीं घेतली. रात्रीच्या गारव्यांत गाड्यांची माळ चालूं लागली, कीं गाडीवान घोंगडी पांघरून खुशाल डुलकी घेई. ओळखीची वाट बैल सोडीत नसत. खळगा ते चुकवीत, समोरून गाडी आल्यास बाजूला सरत, आणि पूर्वीं जेथें बुजले असतील तेथें पुन्हां कान टवकारीत. म्हणजे गाडींत अक्कल दोन ठिकाणीं होती, आणि एक निजली तरी दुसरी जागी राही.

१८६० सालीं सोलापुरास आगगाडी आली. तिच्या वाटेचा विचार रुळांनीं आणि सिग्नलांनीं आधींच करून ठेवलेला. तरी स्टेशनापासून खेड्यापर्यंतचें काम बैलांकडेच राहिलें. त्याची किंमत १८७६-७७ च्या दुष्काळांत कळली: धान्य रुळांवरून येऊं शकत होतें, पण तें पुढें नेणारे बैल चारा-पाण्यावांचून मरत होते. १८९७ सालीं एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वेनें बार्शीची पेठ बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडी, स्टेशनास जोडली, आणि त्या वाटेवरील गाडीवानांचें भाडें ओसरलें.

मोटारीची गोष्ट निराळी आहे. तिला रूळ नाहीं आणि डोळेही नाहींत. बैलाचें बळ तिनें अनेक पटींनीं वाढविलें, पण त्याची अक्कल मात्र गाडीबाहेर टाकली. ती सारी एकट्या चालकाच्या माथीं आली. गाडीवानाची डुलकी निरुपद्रवी होती. मोटारचालकाची डुलकी प्राणघातक ठरली. सरकारनें १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत चालकाच्या कामाच्या तासांवर मर्यादा घातली, आणि १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसास ८ व आठवड्यास ४८ तास ठरविले. परंतु हा दुसरा कायदा पांच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसच लागू होता. एक-दोन मालमोटारींचा धनी त्याच्या कक्षेबाहेर राहिला, आणि आपल्या देशांत असे धनीच बहुसंख्य आहेत. सोलापूरच्या चादरी, साखर किंवा कांदा पोंचविल्यावर परतीचें भाडें न मिळालें तर त्याचा नफा बुडतो. मग तो भरपाई करतो ती झोपेंतून.

नव्या यंत्रांचा उद्योग पाहिला, तर बाहेर टाकलेली बैलाची अक्कल पुन्हां गाडींत आणण्याचा तो आहे, असें दिसेल. २०२१ सालीं नागपुरांत ‘आय-रास्ते’ नांवाचा उपक्रम सुरू झाला. शहरबसांच्या पुढल्या कांचेवर बसविलेलें यंत्र समोरचें वाहन किंवा पादचारी ओळखून चालकास इशारा देतें. इशारे कोठें वारंवार मिळतात याची नोंद होते, आणि अपघात घडण्यापूर्वींच धोक्याच्या जागा कळूं लागतात. बुजलेल्या जागीं कान टवकारणाऱ्या बैलाची आठवण येथें कोणास होणार नाहीं? दुसऱ्या प्रकारचीं यंत्रें चालकाच्या पापण्या आणि जांभया न्याहाळून त्याला सावध करतात. आणखी कांहीं परतीचा माल आणि रिकामी गाडी यांची गांठ घालून देतात. हें पूर्वीं दलालाचें काम. झोप वांचविण्याच्या दृष्टीनें हीं शेवटचीं मला अधिक मोलाचीं वाटतात.

तथापि एका बाबतींत बैलाची बरोबरी यंत्रास अद्याप साधलेली नाहीं. बैल थकला कीं थांबे, आणि त्याबरोबर धन्यासही थांबावें लागे. पाणवठ्यावर जूं उतरल्यावांचून पुढला मुक्काम नसे. इशारा देणारें यंत्र थकलेल्या माणसास जागें करील, पण त्याचें जूं उतरविणार नाहीं. पापण्यांची उघडझाप मोजणाऱ्या यंत्रास कामाचे तास मोजणें अवघड नाहीं. तो हिशेब चालकापुरताच राहिला, आणि माल धाडणारा व्यापारी व गाडीचा धनी यांच्यावर बंधनकारक झाला नाहीं, तर हें नवें साधन म्हणजे केवळ एक सुधारलेली पराणी ठरेल. १९६१ चा कायदा जेथें पोंचला नाहीं, त्या एका गाडीच्या धन्यापर्यंत विश्रांतीचा हक्क नेणें हें पुढलें काम आहे, आणि तें माणसांनींच करावयाचें आहे.